इंधनातला हट्टी गंधक: जिथे हायड्रोजन पोहोचत नाही, तिथे ऑक्सिजन

१ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात जहाजांना ०.१० टक्क्यापेक्षा जास्त गंधक असलेलं इंधन जाळता येत नाही. धूर धुणारी यंत्रणा बसवलेली असेल तरच सवलत. त्याआधी १ जानेवारी २०२० रोजी जगभरच्या समुद्रांसाठी हीच मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आणली गेली होती. रस्त्यावरच्या वाहनांचे नियम याहून कितीतरी कडक आहेत. युरोपात २००९ पासून डिझेलमध्ये जास्तीत जास्त १० पीपीएम गंधक चालतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले किती भाग. १० पीपीएम म्हणजे एक टन डिझेलमध्ये फक्त १० ग्रॅम.

नियम असे आवळत गेले, तशी एक बातमी अधूनमधून येत राहिली: साध्या दाबाला, ६०-७० अंशांवर, हायड्रोजन न वापरता, ऑक्सिजन जोडून डिझेलमधला ९९ टक्के गंधक काढला. त्यामागचं रसायनशास्त्र खरं आहे आणि आकडाही बहुतेक वेळा खराच असतो. तरीही रिफायनऱ्यांनी आपली जुनी पद्धत टाकून दिलेली नाही. असं का, हे समजायला आधी गंधक इंधनात कुठे बसलेला असतो ते पाहायला हवं.

गंधक तेलात तरंगत नसतो

इंधनातला गंधक म्हटलं की पिवळी पूड डोळ्यांसमोर येते. तशी पूड असती तर गाळून काम झालं असतं. कच्च्या तेलात वजनाने साधारण ०.०५ ते ५ टक्के गंधक असतो आणि तो इंधनाच्याच रेणूंमध्ये विणलेला असतो. कार्बनच्या साखळीत किंवा कडीत एखाद्या कार्बनची जागा गंधकाने घेतलेली असते.

सर्वांत साधे रेणू म्हणजे मरकॅप्टन. यांच्यात गंधक साखळीच्या टोकाला असतो, वास उग्र असतो आणि ते काढायला सोपे असतात. मग येतात थायोफीन, म्हणजे पाच अणूंच्या कडीत बसलेला गंधक. हे पेट्रोलच्या टप्प्यात सापडतात. या कडीला एका बाजूने बेन्झीनची कडी जोडली की बेन्झोथायोफीन, दोन्ही बाजूंनी जोडली की डायबेन्झोथायोफीन. हे शेवटचे रेणू सुमारे ३३० अंश सेल्सिअसला उकळतात, म्हणून ऊर्ध्वपातनात ते डिझेलबरोबरच वर येतात. पुढचा सगळा लेख मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

जळताना हा गंधक सल्फर डायऑक्साइड होतो. त्याचा पुढे हवेत सल्फेटचा बारीक कण किंवा आम्ल बनतं. वाहनांत आणखी एक नुकसान होतं: धूर स्वच्छ करण्यासाठी नळीत बसवलेल्या उत्प्रेरकावर गंधकाचा थर धरतो आणि तो नीट काम करेनासा होतो. म्हणजे इंधनात गंधक राहिला, तर नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी रोखण्याची यंत्रणाही लंगडी पडते. १० पीपीएमची मर्यादा इतकी कडक असण्याचं हे मोठं कारण आहे.

नेहमीची पद्धत, आणि ती कुठे अडते

रिफायनरीत गंधक काढायची रुळलेली पद्धत हायड्रोजनची आहे. ३०० ते ४०० अंश तापमान, वातावरणाच्या ३० ते १३० पट दाब, आणि ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) बसवलेला कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक. हायड्रोजन कार्बन-गंधक बंध तोडतो, गंधक हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतो आणि पुढे क्लॉस प्रक्रियेत त्याचाच घन पिवळा गंधक मिळतो. उरलेला हायड्रोकार्बन इंधनातच राहतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे.

मरकॅप्टन, थायोफीन, बेन्झोथायोफीन या मार्गाने बऱ्यापैकी सुटतात. अडचण येते ती ४,६-डायमिथाइल-डायबेन्झोथायोफीन नावाच्या रेणूपाशी. यात गंधकाच्या दोन्ही अंगांना एकेक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) उभा असतो. दोन भिंतींच्या बेचक्यात आवळलेला नट कल्पून बघा. नट इतर नटांसारखाच असतो, पण पाना घालायला जागाच नसते. हायड्रोजनच्या पद्धतीत गंधकाला उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर टेकावं लागतं, आणि हे दोन मिथाइल गट त्याला नीट टेकू देत नाहीत.

उपाय आहे. दाब वाढवायचा, तापमान वाढवायचं, उत्प्रेरक जास्त भरायचा, म्हणजे आधी बाजूची कडी हायड्रोजनने भरून वाकते आणि मग गंधक हाती लागतो. पण त्यात हायड्रोजन भरपूर खर्च होतो. हा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो आणि एका किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेवटचे काहीशे पीपीएम काढण्यासाठी सगळ्या डिझेलवर इतका जोर लावावा लागतो, ही खरी खंत आहे.

तोडता येत नसेल तर जोडा

ऑक्सिडीकरणाची कल्पना इथून सुरू होते. गंधकाच्या अणूवर इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या असतात. ऑक्सिजन देणारा योग्य पदार्थ समोर आला की गंधक त्यातला एक ऑक्सिजन धरतो आणि सल्फॉक्साइड बनतो. दुसरा धरला की सल्फोन. कार्बन-गंधक बंध जिथल्या तिथे राहतो, नट सोडवलाच जात नाही. फक्त त्याला धरून ओढता येईल अशी मूठ बसते.

ती मूठ म्हणजे ध्रुवीयता, रेणूच्या एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन प्रभार झुकलेला असणं. डिझेल अध्रुवीय, म्हणून साधा डायबेन्झोथायोफीन त्यात सुखाने विरघळून राहतो. सल्फोन मात्र तेलात उपरा होतो. ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉलसारखा ध्रुवीय द्रावक जवळ आला की तो तिकडे जातो, सिलिका जेल किंवा ॲल्युमिनाचे दाणे असतील तर त्यांना चिकटतो.

हायड्रोजनला जे रेणू सर्वांत जड जातात, ते ऑक्सिजनला सोपे पडतात. बेन्झीनच्या कड्या आणि मिथाइल गट गंधकाकडे इलेक्ट्रॉन ढकलतात, आणि गंधकावर इलेक्ट्रॉन जितके दाट तितकं ऑक्सिडीकरण सहज. म्हणून फॉर्मिक आम्ल आणि ऑक्सिजन देणारा हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात ४,६-डायमिथाइल रेणू सर्वांत आधी संपतो, त्यानंतर डायबेन्झोथायोफीन, मग बेन्झोथायोफीन; साधा थायोफीन सौम्य तापमानाला जवळजवळ हलतच नाही. उत्प्रेरकाचा रेणूच मोठा आणि अवजड असेल तर मिथाइल गटांची अडचण इथेही थोडी जाणवते, आणि डायबेन्झोथायोफीन पुढे जातो. पेट्रोलसाठी ही पद्धत का चालत नाही, तेही यातूनच कळतं: तिथे थायोफीन जास्त, शिवाय पेट्रोलमधले दुहेरी बंध असलेले रेणू पेरॉक्साइड खाऊन टाकतात.

उत्प्रेरक नेमकं काय करतो

हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन देण्याची ताकद आहे, पण नुसता डिझेलमध्ये ओतला तर तो फार मंद वागतो. टंगस्टन, मॉलिब्डेनम, टायटॅनियम, व्हॅनेडियम यांची संयुगं मध्ये आली की पेरॉक्साइड त्या धातूला चिकटतो आणि त्याचा एक ऑक्सिजन सैल होतो. गंधक तो सैल ऑक्सिजन उचलतो, धातू मोकळा होऊन पुढचा पेरॉक्साइड धरतो. फॉस्फोटंगस्टिक आम्ल, ॲल्युमिनावरचा मॉलिब्डेनम ऑक्साइड, टायटॅनियम असलेली सच्छिद्र सिलिका, हे यातले ओळखीचे चेहरे.

छिद्रांचं माप चुकलं की सगळं फसतं. टीएस-१ नावाचा टायटॅनियम झिओलाइट लहान रेणूंसाठी उत्तम आहे, पण त्याची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. डायबेन्झोथायोफीन त्यात शिरतच नाही. म्हणून दोन ते दहा नॅनोमीटरच्या छिद्रांची सिलिका घ्यावी लागते.

आणखी एक अडसर: पेरॉक्साइड पाण्यात विरघळलेला, गंधक तेलात. भेट फक्त सीमेवर. नदीच्या दोन काठांवर दोघं उभे असावेत तसं. इथे नावाडी लागतो, आणि ते काम लांब कार्बन साखळ्यांची चतुर्थक अमोनियम क्षारं करतात. त्यांचा धन आयन ऑक्सिजन लादलेल्या टंगस्टन आयनाला पाण्यातून उचलून तेलात नेतो, तिथे ऑक्सिजन उतरवला की रिकामा परत येतो. जोराने ढवळणं किंवा अल्ट्रासाउंड वापरणं हाही मार्ग आहे, पण अती ढवळलं तर दुधासारखं पायस (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) तयार होतं आणि ते फोडायला तास न् तास जातात.

आकडे मांडून पाहू

५०० पीपीएम गंधक असलेलं १०० मिलिलिटर डिझेल घेऊ. वजन सुमारे ८३ ग्रॅम, त्यात गंधक साधारण ४१ मिलिग्रॅम. एका गंधकाला दोन ऑक्सिजन हवेत. पण काही पेरॉक्साइड वाया जाणारच, म्हणून दुप्पट घेतात, एका गंधकामागे चार. हिशोब केला तर ३० टक्के तीव्रतेचा पेरॉक्साइड लागतो जेमतेम अर्धा मिलिलिटर. शंभरात अर्धा! वर सांगितलेली नावाड्याची गरज इथे डोळ्यांना दिसते.

प्रयोगशाळेत हे मिश्रण उत्प्रेरकासह ६० ते ७० अंशांवर अर्धा ते दोन तास ढवळतात. पेरॉक्साइड एकदम ओतत नाहीत, थोडा थोडा सोडतात. ८० अंशांच्या वर गेलं तर तो गंधकापर्यंत पोहोचण्याआधीच पाणी आणि ऑक्सिजनमध्ये फुटू लागतो. गंजाचे कण किंवा तांब्याचा अंश असेल तर हे फुटणं खूपच वेगाने होतं. यात नुसता पेरॉक्साइड वाया जातो असं नाही. सुटलेला ऑक्सिजन गरम इंधनाच्या वाफेत मिसळतो आणि भांड्याच्या वरच्या पोकळीत भडका उडेल असं मिश्रण तयार होतं. म्हणून ती पोकळी नायट्रोजनने भरलेली ठेवतात, आणि फॉर्मिक आम्ल वापरत असतील तर जास्त काळजी घेतात, कारण त्यातून बनणारं परफॉर्मिक आम्ल साठवलं किंवा तापवलं तर स्फोटासारखं फुटतं. घरच्या गॅरेजमध्ये डिझेल 'शुद्ध' करायचे जे प्रयोग लोक एकमेकांना सुचवतात, ते करू नयेत.

ढवळणं संपलं की पाण्याचा थर खाली बसू देतात, तो काढतात, तेल द्रावकाने धुतात, मग पाण्याने धुतात आणि निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवतात. उरलेला गंधक अतिनील प्रतिदीप्तीने (अतिनील प्रकाश पाडल्यावर उमटणाऱ्या चमकेवरून) मोजतात. पाण्याने धुण्याची पायरी वगळली तर इंधनात पेरॉक्साइडचा अंश राहतो, आणि साठवणीत डिझेल काळवंडून चिकट गाळ धरतं. ॲसिटोनायट्राइल मागे राहिलं तर ते विषारी तर आहेच, शिवाय त्यातला नायट्रोजन इंजिनात नायट्रोजन ऑक्साइडची भर घालतो.

खरी मेहनत ऑक्सिडीकरणानंतर

बातम्यांमध्ये या भागाला सहसा एखादं वाक्य मिळतं. माझ्या मते पद्धतीचं भवितव्य याच भागात ठरतं.

समजा, द्रावकात सल्फोनचं प्रमाण तेलातल्यापेक्षा चौपट होतं. डिझेलइतकाच द्रावक घेऊन एकदाच धुतलं तर २० टक्के सल्फोन तेलात राहतो. तेवढाच द्रावक तीन भागांत वाटून तीनदा धुतलं तर राहतो सुमारे ८ टक्के. साबणाचे कपडे एका भरल्या बादलीत एकदाच बुचकळण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात तीनदा खळबळावेत, तोच न्याय. पण ५०० पीपीएमचे ८ टक्के म्हणजे ४० पीपीएम. लक्ष्य १०. म्हणजे ऑक्सिडीकरण शंभर टक्के झालं तरी इंधन नापास! पुढे सिलिका जेलच्या स्तंभातून ते सोडावंच लागतं, आणि तो स्तंभ भरला की धुऊन पुन्हा तयार करावा लागतो. द्रावकही फेकता येत नाही, ऊर्ध्वपातनाने परत मिळवावा लागतो, आणि तिथे ऊर्जा जाते. 'साध्या तापमानाची' म्हणून गाजलेली प्रक्रिया उष्णता खाते ती इथे.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. हायड्रोजन फक्त गंधक नेतो, हायड्रोकार्बन मागे ठेवतो. सल्फोन काढताना मात्र सगळा रेणू बाहेर जातो. डायबेन्झोथायोफीनच्या १८४ ग्रॅममध्ये गंधक ३२ ग्रॅमच. ५०० पीपीएमच्या एक टन डिझेलमधून असे रेणू निघतात सुमारे ३ किलो, म्हणजे तोटा ०.३ टक्के, परवडणारा. गंधक १ टक्का असेल तर तोच तोटा ५७ किलो. टनामागे जवळजवळ ६ टक्के इंधन गमावणं कोणत्याही रिफायनरीला मान्य होणार नाही. म्हणून मला ही पद्धत हायड्रोजनच्या जागी येणारी वाटत नाही, त्याच्यामागून येणारी वाटते: आधी हायड्रोजनने सौम्य परिस्थितीत सोपा गंधक काढायचा, मग उरलेल्या हट्टी रेणूंना ऑक्सिजनची मूठ लावायची.

"मग ९९ टक्क्यांचा दावा फसवा आहे का?"

नाही. पण तो कशावर मिळवला ते विचारावं. पुष्कळ प्रयोग 'नमुना तेला'वर होतात: स्वच्छ ऑक्टेन किंवा डेकेन, त्यात मोजून टाकलेला डायबेन्झोथायोफीन. खऱ्या डिझेलमध्ये क्विनोलिन, इंडोल, कार्बाझोल असे नायट्रोजनचे रेणू असतात. ते पेरॉक्साइड वाटून घेतात आणि उत्प्रेरकाच्या आम्लीय जागा अडवतात. सुगंधी (म्हणजे बेन्झीनसारख्या कड्या असलेले) हायड्रोकार्बन सल्फोनला तेलातच धरून ठेवतात, आणि तेच द्रावकातही पळतात, म्हणजे चांगलं इंधनही वाहून जातं.

दुसरा प्रश्न उत्प्रेरकाच्या आयुष्याचा. सल्फोन ध्रुवीय असल्याने तो उत्प्रेरकावरच चिकटून बसतो. मिथेनॉलने धुऊन किंवा हवेत ४००-५०० अंशांवर भाजून तो काढावा लागतो. याहून वाईट म्हणजे धातू विरघळून निघून जाणं. त्याची एक साधी, कडक परीक्षा आहे: क्रिया अर्धी झालेली असताना गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढायचा आणि उरलेलं द्रव तसंच तापत ठेवायचं. गंधक त्यानंतरही कमी होत राहिला तर काम घन उत्प्रेरक करत नव्हता, त्यातून सुटलेला धातू करत होता. असा उत्प्रेरक पाच-सहा फेऱ्यांत रिकामा होतो.

"रिफायनऱ्या ऑक्सिडीकरण आधीपासून वापरतातच की!"

वापरतात, आणि मोठ्या प्रमाणावर. मेरॉक्स नावाची प्रक्रिया १९५८ सालापासून चालू आहे. कॉस्टिक सोडा, हवा आणि कोबाल्ट थॅलोसायनिनचा उत्प्रेरक यांच्या मदतीने मरकॅप्टनचे दोन रेणू जोडून डायसल्फाइड करतात. स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल आणि विमानाच्या इंधनाचा दर्प आणि गंज चढवण्याची खोड यामुळे जाते. (स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मग गळती कळावी म्हणून मोजून मरकॅप्टन परत घालतात.)

पण विमानाच्या इंधनासारख्या जरा जड इंधनात वापरला जाणारा या प्रक्रियेचा प्रकार गंधक फक्त बदलतो, काढत नाही. डायसल्फाइड इंधनातच राहतं, एकूण गंधक तेवढाच. हलक्या प्रवाहांत मरकॅप्टन आधी कॉस्टिकमध्ये ओढून घेतात, तिथे मात्र तो खरोखर कमी होतो. डायबेन्झोथायोफीनला या रसायनाचा काहीच उपयोग नाही, कारण त्याच्याकडे मरकॅप्टनसारखा कॉस्टिकला देण्याजोगा हायड्रोजन नसतो.

"हवा फुकट आहे, मग पेरॉक्साइड कशाला?"

हवेतला ऑक्सिजन आळशी आहे. त्याला जागं करायला १०० अंशांच्या वर जावं लागतं किंवा ॲल्डिहाइडसारखा मदतनीस घालावा लागतो. जागा झाला की तो निवड करत नाही. गंधकाबरोबर डिझेलच्या साखळ्यांवरही हल्ला करतो आणि आम्लं, गोंद, रंग तयार होतात. मधला मार्ग टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइडचा. तो तेलात विरघळतो, नावाड्याची गरज संपते, उत्प्रेरकाच्या स्थिर थरातून डिझेल सलग वाहवता येतं. पण तो महाग, आणि मागे राहणाऱ्या अल्कोहोलचं काय करायचं हा नवा प्रश्न.

"गंधक काढला की डिझेल इंजिनातले इंधनाचे पंप झिजतात ना?"

झीज खरी, दोषी वेगळा. धातूवर वंगणाचा पातळ पडदा धरण्याचं काम मुख्यतः ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले अल्प प्रमाणातले ध्रुवीय रेणू करतात. हायड्रोजनची कडक प्रक्रिया त्यांनाही नष्ट करते, आणि ध्रुवीय द्रावक तर त्यांना आधी नेतो. दोन्ही पद्धतींनंतर वंगण सुधारणारं पूरक द्रव्य घालावंच लागतं.

जहाजांच्या जड तेलाला हे लागू होईल का?

इथे आकडेच उत्तर देतात. जड अवशिष्ट तेलात २.५ टक्के गंधक आहे असं धरू, आणि गंधक असलेल्या रेणूंचं सरासरी रेणुभार ५००, प्रत्येकात एक गंधक. अशा रेणूत गंधक ६.४ टक्के. म्हणजे तेलाचे जवळजवळ ३९ टक्के रेणू गंधकवाले. सल्फोन करून ते द्रावकाने काढायला गेलं तर पाचातले दोन भाग तेल बाहेर जाईल. शिवाय हे तेल इतकं घट्ट की ६० अंशांवर पेरॉक्साइड त्यात नीट मिसळतही नाही, आणि त्यातले व्हॅनेडियम-निकेलचे अंश पेरॉक्साइड फोडतात.

म्हणून जड तेलासाठीचं संशोधन वेगळ्या पायरीवर आहे: सल्फोन बाहेर काढायचा नाही, त्यातला बंध तोडायचा. ऑक्सिजन जोडल्यावर कार्बन-गंधक बंध आधीपेक्षा कमकुवत होतो. तापवलेल्या अल्कलीबरोबर सल्फोन ठेवला तर गंधक सल्फाइट होऊन अल्कलीत जातो आणि हायड्रोकार्बन तेलात परत मिळतो. इंधनाचा तोटा यात टळतो. पण एका टनातल्या २५ किलो गंधकाला शोषायला सोडियम हायड्रॉक्साइड लागतं कमीत कमी ६० किलोच्या वर, आणि तेवढ्याच गंधकाला सल्फोनपर्यंत न्यायला ३० टक्के तीव्रतेचा पेरॉक्साइड १७५ किलोच्या वर. अल्कली परत वापरता आली आणि ऑक्सिजन हवेतून घेता आला, तरच हा हिशोब जमतो. सध्याचं काम याच दोन गोष्टींवर अडलेलं आहे.